संमती, सहकार्य, शास्ती : शिरूर–दौंड परिसरातील प्रदूषण-नियमनाची परिभाषा

हत्यार बाळगण्यासाठी परवाना लागतो, सभा भरविण्यासाठी परवानगी लागते, जमीन अकृषिक करण्यासाठी अनुज्ञा लागते आणि कोणाची अडचण नसल्याचे दाखविण्यासाठी ना-हरकत दाखला लागतो. कारखान्याचे सांडपाणी व धूर बाहेर सोडण्यासाठी जो कागद लागतो त्याला मात्र परवाना म्हणत नाहीत. त्याचे अधिकृत नाव 'संमतिपत्र' असे आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योगाला प्रथम स्थापनेची आणि नंतर प्रत्यक्ष चालविण्याची संमती देते, व ती ठरावीक मुदतीने नूतन करून घ्यावी लागते.

प्रशासनाच्या मराठीत हा शब्द काहीसा एकाकी आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात तो गाजला १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामुळे. त्या कायद्याने बारा वर्षांखालील मुलीची संमती ही संमतीच नव्हे असे ठरविले. म्हणजे संमती कोण देऊ शकतो आणि कोणाच्या वतीने कोण देतो, हा प्रश्न या शब्दाला तेव्हापासूनच चिकटलेला आहे. प्रदूषणाच्या कायद्यात तो निराळ्या वाटेने आला. इंग्लंडमध्ये १९५१ च्या नद्यांच्या प्रदूषण-प्रतिबंधक कायद्याने नदीत नवे सांडपाणी सोडण्यापूर्वी नदी मंडळाची 'संमती' घेण्याची अट घातली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःचा जलप्रदूषण-प्रतिबंधक कायदा केला, १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले, आणि १९७४ चा केंद्रीय जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम राज्याने १९८१ मध्ये स्वीकारला. या सर्व प्रवासात तो इंग्रजी शब्द टिकला आणि त्याचे मराठी रूपही टिकले.

संमती ही दोघांमधील गोष्ट असते. एक मागतो, दुसरा देतो. परंतु सांडपाण्याच्या बाबतीत ज्याच्या विहिरीत ते उतरावयाचे तो या दोघांपैकी कोणीच नसतो. नियामक आणि उद्योग यांच्या सहकार्याविषयी जे पुष्कळ लिहिले-बोलले जाते त्याची खरी कसोटी या तिसऱ्या माणसाशी आहे. मराठीत या कसोटीसाठी शब्दांची एक जोडी पूर्वीपासून उपलब्ध आहे : सहकार्य आणि साटेलोटे. साटेलोटे हा मुळात सोयरिकीतला शब्द. एकाने आपली बहीण दुसऱ्याच्या घरी द्यावी आणि दुसऱ्याने आपली पहिल्याच्या घरी, म्हणजे देणे-घेणे दोन घरांतच मिटावे. दोन्ही शब्दांत परस्परांशी जुळवून घेणे आहेच. एका व्यवहाराला सहकार्य म्हणावयाचे आणि दुसऱ्याला साटेलोटे, हा निर्णय मात्र त्या दोन पक्षांच्या हाती नसून बाहेर उभा असलेला मनुष्य तो देतो. आणि तो नीट देता यावा यासाठी व्यवहाराची भाषा त्याला कळावी लागते. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत ही भाषा कोणत्या स्वरूपाची आहे, ती कोठे कळते आणि कोठे अडते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

हे दोन तालुके भीमा नदीने जोडलेले आणि तिनेच विभागलेले आहेत. नदीच्या उत्तरेस शिरूर, दक्षिणेस दौंड. शिरूरच्या दुसऱ्या अंगाला घोड नदी आहे. गावाला घोडनदी हे नाव तिच्यावरूनच पडले. पुणे शहरातून आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते, आणि दौंडच्या खाली उजनीचा फुगवटा सुरू होतो. दौंडच्या शेतीला खडकवासल्याचा कालवा मिळाला, त्याचबरोबर मुंढव्याहून जुन्या कालव्यात, म्हणजे लोकांच्या 'बेबी कालव्या'त, सोडलेले पुणे शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणीही मिळते. तेव्हा 'घाण पाणी' या विषयाचे शिक्षण येथील शेतकऱ्याला कारखान्यांनी प्रथम दिले असे नाही. शहराने ते आधीच दिले होते.

उद्योगांचे तीन प्रकार येथे दिसतात. शिरूरमध्ये रांजणगाव गणपती येथील औद्योगिक क्षेत्र असून तेथे एलजी, फियाट, व्हर्लपूल, बेकार्ट यांसारखे मोठे कारखाने आहेत. तेथेच घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून त्याची विल्हेवाट लावणारे एक सामायिक केंद्र आहे. अशी केंद्रे संपूर्ण महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. दौंडमध्ये पुणे–सोलापूर मार्गावर कुरकुंभ येथे रसायने व औषधी द्रव्ये यांचे औद्योगिक क्षेत्र आहे. आणि तिसरा प्रकार दोन्ही तालुक्यांत पसरलेला आहे, तो साखरेचा : पाटसचा भीमा व न्हावरे येथील घोडगंगा हे सहकारी कारखाने, आलेगावचा दौंड शुगर, जातेगाव बुद्रुकचा व्यंकटेशकृपा. यांपैकी दोन्ही सहकारी कारखान्यांच्या गाळपात अलीकडच्या वर्षांत आर्थिक ओढाताणीमुळे खंड पडला. रांजणगावविषयी येथे फारसे सांगावयाचे नाही; तेथील मोठे उद्योग मंडळाशी इंग्रजीत पत्रव्यवहार करतात आणि त्यांचा गावाशी येणारा संबंध मुख्यतः नोकऱ्यांचा व जमिनीचा आहे. परिभाषेचा प्रश्न साखरेत आणि रसायनांत अधिक तीव्र आहे.

साखरेपासून आरंभ करणे सोयीचे, कारण तेथे उद्योगाचा व शेतकऱ्याचा शब्दसंग्रह एकाच मुळातून आलेला आहे. 'मळी' हा शब्द घ्यावा. गुऱ्हाळात काहिलीत रस उकळू लागला की वर जो गाळ-फेस येतो त्याला मळी म्हणतात. रानभेंडीच्या चिकट पाण्याने ती धरून काढून टाकावयाची असते. साखर कारखाने आले तेव्हा हा शब्द त्यांच्याबरोबर गेला, पण तेथे त्याचे एकाचे अनेक झाले. साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरणारा काळा दाट पाक ती मळी. अबकारी खाते हिशेब ठेवते ते हिचा. रस गाळून उरलेला चोथा, ज्याला कारखान्यात प्रेसमड म्हणतात, तोही शेतकऱ्याच्या बोलण्यात मळीच. ही शेतात टाकावयाची, उपकारक. आणि मद्यार्क काढून झाल्यावर आसवनीतून बाहेर पडणारे तांबूस-काळे पाणी वृत्तपत्रांत 'मळीमिश्रित पाणी' होते. ही मळी विहीर नासविणारी. एकाच शब्दात विक्रीचा माल, खत आणि विष असे तिन्ही अर्थ नांदतात. बातमीत 'कारखान्याने मळी सोडली' असे छापून येते आणि कारखाना 'मळी तर आम्ही विकतो, सोडू कशाला' असे उत्तर देतो, तेव्हा दोघेही आपापल्या अर्थाने खरे बोलत असतात. संवाद मात्र होत नाही.

आसवनीच्या पाण्याची तीव्रता किती याची कल्पना आकड्यांनी येते. एक लिटर मद्यार्कामागे साधारणतः आठ ते पंधरा लिटर असे पाणी निघते. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविण्यासाठी सूक्ष्म जीवांना किती प्राणवायू लागेल, हे मोजून त्या घाणीची तीव्रता ठरवितात. घरगुती सांडपाण्यात हे माप लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असते. आसवनीच्या कच्च्या पाण्यात ते चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाते. साखर कारखान्याचे पाणी नदीत सोडावयाचे तर ही मर्यादा ३० आणि जमिनीवर सोडावयाचे तर १०० आहे. या मापाला अधिकृत मराठीत 'जैवरासायनिक प्राणवायू मागणी' म्हणतात. येथील 'मागणी' ही इंग्रजी शब्दाची उसनवारी आहे. मराठीत मागणी माणूस करतो, बाजार करतो, मुलीला मागणी घातली जाते. पाणी मागणी करीत नाही. पाण्याला प्राणवायूची 'भूक' आहे असे म्हटले असते तर अर्थ एका श्वासात कळला असता.

सहकार्याचा प्रयोग येथे कसा झाला, हे पाहण्यासाठी २००३ कडे जावे लागते. त्या वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालय व केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या सतरा उद्योगवर्गांच्या प्रतिनिधींशी चर्चा करून एक सनद तयार केली. तिचे स्वरूप उद्योगाच्या दायित्वाचे होते. कायद्याने ठरविलेल्या मर्यादेच्या पलीकडे उद्योगाने आपण होऊन कोणत्या तारखेपर्यंत काय करावयाचे हे तीत लिहिले होते. साखर, आसवनी व औषधी द्रव्ये हे तिन्ही वर्ग तीत असल्यामुळे दौंडचे जवळजवळ सर्व महत्त्वाचे उद्योग तिच्या कक्षेत आले. साखरेसाठी ठरले ते असे, की एक टन ऊस गाळताना सांडपाणी शंभर लिटरपर्यंत खाली आणावयाचे. दिवसाला पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यासाठी याचा अर्थ पाच लाख लिटर होतो. प्रथमदर्शनी हे कठीण वाटते. पण उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. रस आटविताना ते वाफ होऊन निघते आणि ती वाफ थंड करून पुन्हा वापरता येते. म्हणजे साखर कारखाना नीट चालविला तर तो नदीचे पाणी ओढणारा न राहता पाणी उरविणारा होऊ शकतो. हा हिशेब नियामकाला कारखान्याच्या तंत्रज्ञाशिवाय मांडता आला नसता, आणि तंत्रज्ञाला नियामकाच्या तारखेशिवाय तो व्यवस्थापनाच्या गळी उतरविता आला नसता. सहकार्य या शब्दाचा चांगला अर्थ हाच. पुढे जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने साखर उद्योगाची मानके अधिसूचित केली तेव्हा प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी शंभर लिटर आणि थंड करण्याच्या यंत्रणेतून निघणाऱ्या पाण्यासाठी आणखी शंभर लिटर अशी मर्यादा बंधनकारक झाली. वाटाघाटीने ठरलेला आकडा कायद्यात शिरला. थंड पाण्यासाठी वेगळी सवलत निघाली, हेही त्याच वाटाघाटीचे फळ म्हणावे लागते.

याच सनदेतील आणखी दोन अटी परिभाषेच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. पहिली अशी, की सांडपाणी-प्रक्रियेची यंत्रणा गाळप सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी चालू करावयाची. मूळ इंग्रजी मजकुरात यामागचे कारण प्रयोगशाळेतील एका संक्षेपाक्षराने सांगितले आहे. ते साध्या शब्दांत असे, की पाणी स्वच्छ करणारे सूक्ष्म जीव टाकीत आधी वाढवावे लागतात. दूध येण्यापूर्वी विरजण तयार हवे. 'हंगामाच्या आधी महिनाभर विरजण लावावे' एवढे म्हटले तर दौंडमधील कोणत्याही घरात त्याचा अर्थ कळेल आणि ऑक्टोबरात कारखान्याच्या टाक्या कोरड्या दिसल्या तर कोणी विचारणाही करील. संक्षेपाक्षर मात्र कोणालाही प्रश्न विचारू देत नाही. दुसरी अट अशी, की सिंचनासाठी 'मागणी नसण्याच्या' काळात प्रक्रिया केलेले पाणी साठविण्यासाठी पंधरा दिवसांची टाकी बांधावी. अवकाळी पाऊस आला की शेतकरी ते पाणी घेत नाहीत, टाकी नसेल तर ते ओढ्यात जाते. येथे 'मागणी' खरोखरीची आहे. एकाच विषयाच्या कागदांत पाण्याच्या प्राणवायूची मागणी आणि शेतकऱ्याची पाण्याची मागणी शेजारी-शेजारी बसतात, हे अनुवादकाने एकदा तरी वाचून पाहावयास हवे होते.

कुरकुंभची स्थिती निराळी आहे. साखरेचे पाणी नाकाला व डोळ्यांना कळते. रसायनांचे पाणी बहुधा कळत नाही, किंवा कळते तेव्हा उशीर झालेला असतो. परिसरातील गावांनी भूजल दूषित झाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे केल्या आहेत. औद्योगिक क्षेत्रातील सांडपाण्यासाठी तेथे सामायिक प्रक्रिया केंद्र असून ते उद्योगांच्याच सहकारी संस्थेमार्फत चालविले जाते. 'सहकार' आणि 'सहकार्य' हे दोन शब्द येथे एका जागी आलेले दिसतात. पश्चिम महाराष्ट्रात सहकार म्हणजे सभासद, भागभांडवल, वार्षिक सभा, निवडणूक. सहकार्य म्हणजे नुसती मदत. साखर कारखान्याच्या सहकारात ऊस देणारा शेतकरी सभासद असतो, त्याला सभेत उठून विचारता येते. सांडपाण्याच्या सहकारात सभासद आहेत ते पाणी सोडणारे. ज्यांच्या विहिरी आहेत ते सभासद नाहीत. रचना सहकारी, पण सभेत प्रश्न विचारणारा कोणी नाही.

रसायन उद्योगातील हरित उत्पादन या कल्पनेचा गाभा प्रक्रिया केंद्रापाशी नसून त्याच्या पुष्कळ आधी, रासायनिक क्रियेतच असतो. कुरकुंभ परिसरात तयार होणाऱ्या द्रव्यांपैकी अ‍ॅनिसोलचे उदाहरण बोलके आहे. जुन्या रीतीत फिनॉलवर डायमिथिल सल्फेट या अतिविषारी द्रव्याची क्रिया घडवीत आणि मागे क्षारयुक्त पाणी उरे. तेच द्रव्य फिनॉल व मिथेनॉल यांची वाफ उत्प्रेरकावरून नेऊन करता येते. तेव्हा मागे उरते ते पाणी. पहिल्या रीतीत नियामकाचे काम नळाच्या तोंडाशी नमुना घेण्याचे. दुसरीत नमुन्यापाशी जाण्यापूर्वीच प्रश्न बराचसा सुटलेला असतो. परंतु कोणती रीत वापरावी हे मंडळ सांगू शकत नाही, ते फक्त बाहेर पडणाऱ्या पाण्याची मर्यादा सांगते. म्हणून उद्योगाने आपण होऊन रीत बदलावी यासाठी त्याला काही कारण मिळावे लागते : खर्चात बचत, परदेशी ग्राहकाची अट, किंवा नाव खराब होण्याची भीती.

या शेवटच्या कारणावर अलीकडच्या धोरणाचा मोठा भार आहे. इंडोनेशियाने १९९५ मध्ये कारखान्यांना सोनेरी, हिरवा, निळा, तांबडा व काळा असे रंग देऊन ते जाहीर करण्यास आरंभ केला. महाराष्ट्र मंडळाने जून २०१७ मध्ये शिकागो विद्यापीठ व अन्य संशोधन संस्थांच्या साह्याने तारांकन योजना सुरू केली. मंडळाच्याच तपासणीत धुराड्यातून निघणाऱ्या धूलिकणांचे जे प्रमाण आढळते त्यावरून कारखान्याला एक ते पाच तारे द्यावयाचे आणि ते सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध करावयाचे. नियामकाच्या फायलीतील एक आकडा लहान मुलालाही कळेल अशा चिन्हात रूपांतरित झाला, हे या योजनेचे भाषिक यश निःसंशय मोठे आहे. पाच तारे चांगले आणि एक तारा वाईट हे सांगण्यासाठी कोश उघडावा लागत नाही.

तथापि हे भाषांतर अर्धवट आहे, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. तारा धुराड्याविषयी बोलतो, विहिरीविषयी नाही. कुरकुंभजवळच्या शेतकऱ्याने पाण्याविषयी विचारले आणि त्याला धुराचे तारे दाखविले, तर तो खोटे उत्तर मिळाले असे म्हणणार नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, इतकेच म्हणेल. शिवाय चिन्ह जितके सोपे, तितका त्यामागील मोजणीवर विश्वास असणे अगत्याचे. गुजरातमधील एका प्रयोगाने हे चांगले दाखवून दिले. तेथे १९९६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने कारखान्यांना त्रयस्थ लेखापरीक्षकाकडून प्रदूषणाची तपासणी करून घ्यावी लागे. पण परीक्षक निवडणार कारखाना आणि पैसे देणारही कारखाना. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की परीक्षकांच्या अहवालांप्रमाणे धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने फक्त ७ टक्के होते, आणि फेरतपासणीत ते ५९ टक्के निघाले. परीक्षक चिठ्ठीने नेमले, वेतन सामायिक निधीतून दिले आणि काही तपासण्यांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा अहवाल खरे येऊ लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. 'त्रयस्थ' हा संस्कृत शब्द अक्षरशः तिसऱ्या ठिकाणी उभा असलेला असा आहे. ज्याचे वेतन दुसरा पक्ष देतो तो तिसऱ्या ठिकाणी उभा नसतो. तेथे शब्द राहतो आणि अर्थ निघून जातो.

या पार्श्वभूमीवर कायद्याच्या भाषेत झालेला आणखी एक बदल पाहावा. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील उल्लंघन हा पूर्वी अपराध होता आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शके. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने, जो या बाबतीत एप्रिल २०२४ पासून अंमलात आला, त्याच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंतची शास्ती आणली. ती ठरविण्यासाठी न्यायालयात जाण्याची गरज नाही, न्यायनिर्णय अधिकारी पुरे. हवेच्या कायद्यातही तसाच बदल झाला, आणि जल अधिनियमाची २०२४ ची सुधारणा, जी राज्यांनी ठराव करून स्वीकारावयाची आहे, त्याच दिशेची आहे. शिक्षा गेली, शास्ती आली. विधिपरिभाषेत हा भेद निर्विवाद आहे : शिक्षा अपराधाला, शास्ती चुकीला. लोकभाषेत मात्र शास्ती या शब्दाला शिक्षेची धार नाही. पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांना तो 'शास्तीकर' म्हणून परिचित आहे, आणि तेथे त्याचा अर्थ भरावयाची एक रक्कम, जी पुढेमागे माफही होईल, असा रुजला. उद्योगाच्या दृष्टीने या बदलात सयुक्तिक भाग आहे. कारावासाची तरतूद इतकी जड होती की ती क्वचितच वापरली जाई, आणि न वापरलेली शिक्षा कोणाला भीती घालीत नाही. पण पंधरा लाख ही रक्कम मोठ्या कारखान्याच्या ताळेबंदात एक नोंद होऊन बसली तर सहकार्याचे रूपांतर दरपत्रकात होईल, ही शंका अनाठायी नाही.

येथे एका विसंगतीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. सनद, तारे, ऑनलाइन मापन ही सर्व योजना मोठ्या उद्योगांसाठी आहे. दौंड तालुक्यात केडगाव, यवत, राहू या बाजूस गुऱ्हाळे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या चुलवाणात चिपाडाऐवजी टाकाऊ प्लॅस्टिक, रबर व चपला जाळल्या जातात, हे वृत्तपत्रांतून वारंवार आले आहे. चिपाड हेच ज्याचे परंपरागत जळण त्या धंद्याला प्लॅस्टिक स्वस्त वाटावे, ही काळाची थट्टा आहे. गुऱ्हाळमालकाशी सहकार्य करण्यासाठी मंडळापाशी कोणतीही भाषा नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती नोटीस. आणि त्याच्या धुराड्याला तारा देणारे कोणी नाही, यद्यपि शेजाऱ्याच्या घरात धूर शिरतो तो त्याचाच.

तिसऱ्या माणसाला कायद्याने अगदीच विसरले आहे असे नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. ती मंडळाने भरवावयाची, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने अध्यक्षस्थान घ्यावयाचे. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, पूर्ण अहवाल मात्र इंग्रजीत असला तरी चालतो. शेकडो पानांच्या अहवालातून काय सारांशात घ्यावयाचे हे प्रकल्पाचा सल्लागार ठरवितो, आणि सुनावणीतील प्रश्न त्या सारांशाच्या कडेला येऊन थांबतात. २०२० मध्ये या अधिसूचनेच्या नव्या मसुद्याच्या वेळी हाच प्रश्न देशपातळीवर उभा राहिला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मसुदा आठव्या परिशिष्टातील सर्व बावीस भाषांत प्रसिद्ध करावा असा आदेश दिला. भाषांतर ही येथे सौजन्याची बाब न राहता न्यायाची बाब झाली.

सुनावणी मात्र एकदाच, प्रकल्पाच्या आरंभी होते. कारखाना चालू झाल्यावर काय? जल अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमात एक विलक्षण पोटकलम आहे. मंडळाने ठरलेल्या मुदतीत, म्हणजे चार महिन्यांत, अर्जाचा निर्णय दिला नाही तर संमती दिल्याचे मानले जाते. सहकारी गृहसंस्थांच्या सभासदांना 'मानीव अभिहस्तांतरण' हा शब्दप्रयोग परिचित आहे. त्याच न्यायाने हिला 'मानीव संमती' म्हणता येईल. मौन म्हणजे संमती हा व्यवहारातील संकेत कायद्याने उद्योगाच्या बाजूने मान्य केला. विहीर असलेल्याचे मौन मात्र कोणत्या कलमात बसत नाही.

पण त्याच कलमात याच्या अगदी आधीचे पोटकलम आहे. प्रत्येक राज्य मंडळाने दिलेल्या संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावयाची, आणि एखाद्या नळाविषयी किंवा त्यातून निघणाऱ्या सांडपाण्याविषयी त्या वहीत जे लिहिले असेल ते, त्या नळाशी हितसंबंध असलेल्या किंवा त्याने बाधित झालेल्या कोणाही व्यक्तीला, सर्व वाजवी वेळी पाहण्यासाठी खुले ठेवावयाचे. 'बाधित' हा शब्द महाराष्ट्रात धरणांनी आणि प्रकल्पांनी घरोघरी पोहोचविला आहे. त्याचा अर्थ कोणाला समजावून द्यावा लागत नाही. एकोणपन्नासाव्या कलमाप्रमाणे अशा व्यक्तीला साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात तक्रारही दाखल करता येते. रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांनी आपल्या घातक द्रव्यांचे, सांडपाण्याचे, धुराचे व कचऱ्याचे तपशील प्रवेशद्वाराबाहेर फलकावर लावावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २००३ चा आदेश आहे. फलक रस्त्यावरून वाचावयाचा आणि वही मंडळाच्या कार्यालयात मागावयाची. फलकावरचा आकडा आणि वहीतील अट एकाच मापाची असतात. कुरकुंभच्या किंवा आलेगावच्या शेतकऱ्याने एक कागदावर उतरवून घेऊन दुसरीशी ताडून पाहिले, तर त्याला प्राणवायूच्या मागणीची व्याख्या यावी लागत नाही, दोन अंकांतील लहानमोठेपणा कळला की पुरे.